मोलेसरशास्त्र्यांची वही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच शिंदखेडे तालुक्यातील माझ्या गावाहून जळगावला कला शाखेत शिकावयास आलो होतो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती, अशी माझी भाषेची शिदोरी होती. शहरात आल्यावर इंग्रजी सुधारलीच पाहिजे असा निश्चय करून धुळ्याच्या बसस्थानकावर कठीण इंग्रजी शब्दांची एक पुस्तिका मी विकत घेतली. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या प्रवासात दर फेरीला तीस शब्द पाठ करावयाचे, असा माझा नेम. दिवाळीपर्यंत माझ्याजवळ सहाशे शब्द जमले, आणि मी स्वतःला श्रीमंत समजू लागलो.

या श्रीमंतीचे दिवाळे एका तासात निघाले. इंग्रजीच्या वर्गात घरातील एका व्यक्तीविषयी तीन मिनिटे बोलावयाचे होते. मी आजोबांविषयी बोलण्यास उभा राहिलो. 'ओल्ड' हा शब्द मला फारच साधा वाटला, तेव्हा पुस्तिकेतील 'एन्शंट' हा शब्द मी मोठ्या ऐटीने वापरला. सारा वर्ग हसला. का हसला, हे मला कळले नाही, आणि हसण्यापेक्षा ते न कळणेच अधिक लागले. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मी ट्रंक भरून ठेवली होती. आमच्या गावचा एक मुलगा याच पायी आदल्या वर्षी शिक्षण सोडून परत गेला होता. दुसरा मीच, असे मनाने घेतले.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी मला ग्रंथालयात नेले आणि एक भला थोरला ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. नऊशेहून अधिक पाने, बारीक टाईप, मराठी शब्द आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ. सरांनी एवढेच सांगितले की, आजोबांना तू मराठीत काय म्हणतोस ते यात पाहा, आणि नंतर हा ग्रंथ कोणी केला तेही शोधून काढ. मी दोन्ही गोष्टी केल्या. पहिलीला दहा मिनिटे लागली. दुसरीचा शोध अजून संपलेला नाही. तो जेवढा लागला तेवढा या लेखात माझ्या वाचक मित्रांपुढे ठेवीत आहे.

तो ग्रंथ म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. कर्ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ. त्यांचा जन्म १५ जून १७९५ रोजी इंग्लंडमध्ये झाला. सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात एन्साइन, म्हणजे अगदी खालच्या दर्जाचे अधिकारी, म्हणून हिंदुस्थानात आले. सोळावे वर्ष! आपण ज्या वयात अकरावीचा अर्ज भरतो, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून अशा प्रांतात उतरला की जेथील एक शब्दही त्याला घरी ऐकावयास मिळाला नव्हता. माझ्या मनातील पहिली गाठ येथेच सुटली. ज्याचा कोश उघडून आपण दबून जातो, तोही एके काळी भाषेच्या दारात आपल्यासारखाच, किंबहुना आपल्यापेक्षाही रिकाम्या हाताने, उभा होता.

त्या काळी परक्या माणसाला मराठी शिकावयाची तर साधने फारच थोडी. विल्यम केरी या मिशनऱ्याने बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये एक छोटा कोश प्रसिद्ध केला होता. त्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. वैजनाथ नावाच्या पंडिताची त्यांना या कामी मदत झाली. परंतु कोठे श्रीरामपूर आणि कोठे महाराष्ट्र! मराठी मुलखातल्या बाजारात, चावडीवर, छावणीत जे शब्द कानावर पडत, त्यांतील बहुतेक त्या छोट्या पुस्तकात मावणे शक्यच नव्हते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि देश, कोकण, खानदेश हे सारे कंपनीच्या अमलाखाली आले. आपल्या धुळ्यास कॅप्टन ब्रिग्ज येऊन बसले ते याच सुमारास. राज्य हाती आले, पण रयतेची भाषा हाती आली नव्हती. ज्याची जमीन मोजावयाची त्याचे शब्द कळत नाहीत, ज्याचा न्याय करावयाचा त्याची तक्रार समजत नाही, अशी नव्या राज्यकर्त्यांची स्थिती होती. मोल्सवर्थ तेव्हा सोलापूरला होते. मराठी शिकण्यासाठी त्यांनी स्वतःपुरता शब्दांचा संग्रह करावयास सुरुवात केली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर रोजची अडचण भागावी म्हणून. पुढे ज्याचा एवढा डोंगर झाला, त्याचा उगम एका तरुणाच्या अशा खाजगी वहीत आहे.

ही वही वाढत गेली, तशी ती सर्वांच्या उपयोगी पडावी असे त्यांना वाटू लागले. त्यांनी सरकारपुढे कोशाची योजना मांडली आणि १८२५ च्या सुमारास सरकारने हे काम त्यांच्यावर सोपविले. सोबतीला दोन तरुण लेफ्टनंट मिळाले, टॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी. हे दोघे जुळे भाऊ, १३ डिसेंबर १८०४ चा त्यांचा जन्म. पण कोश काही केवळ या तीन साहेबांनी केला नाही. त्यांच्याबरोबर आपले शास्त्री-पंडित होते. शब्द गोळा करावे, त्यांचे अर्थ सांगावे, वाद घालावा, दाखले द्यावे, हे काम त्यांचे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले इत्यादी विद्वानांनी केलेला मराठीचा मराठीत अर्थ देणारा कोश १८२९ मध्ये निघाला, तो याच कोशयुगातला. आपण मोल्सवर्थचा कोश म्हणतो तेव्हा या मंडळींची नावे बाजूला पडतात. खरे तर मोल्सवर्थांची मोठी विद्या कोणती, तर विचारण्याची. आपल्याला येत नाही हे कबूल करून, ज्याला येते त्याच्यापुढे बसून एकेक शब्द विचारीत राहणे ही गोष्ट राज्यकर्त्या जातीच्या माणसाला सोपी गेली नसेल.

१८३१ मध्ये मुंबईत कोशाची पहिली आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर कॅप्टन मोल्सवर्थ आणि त्यांचे साहाय्यक म्हणून दोघे कँडी. मोल्सवर्थ तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी आलेला मुलगा वीस वर्षांत एका भाषेचा कोशकार झाला. लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणू लागले. शास्त्री ही पदवी आपल्याकडे कोणाला सहज मिळत नाही. गोऱ्या माणसाला ती मिळाली यातच सारे आले.

आता या कोशाचा मला काय उपयोग झाला ते सांगतो. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवावयाची म्हणजे इंग्रजी शब्द घ्यावा आणि त्याचा मराठी अर्थ पाठ करावा, असे आपण सारे समजतो. माझी पुस्तिकाही अशीच होती. मोल्सवर्थांचा कोश उलट्या दिशेने जातो. तो आपल्या शब्दापासून सुरू होतो. मी त्यात 'जुना' पाहिला, मग 'शिळा' पाहिला, 'पुरातन' पाहिला, 'जीर्ण' पाहिला, 'म्हातारा' पाहिला. प्रत्येकापुढे निराळे इंग्रजी शब्द. भाकरी शिळी होते, धोतर जीर्ण होते, देऊळ पुरातन असते, लोणचे मुरलेले असते आणि माणूस म्हातारा होतो. हा भेद मला कोणी शिकविला नव्हता. तो आईच्या दुधाबरोबर आला होता. मी वर्गात आजोबांना पुरातन म्हणालो होतो, जणू काही ते हेमाडपंती मंदिरच! वर्ग का हसला हे मला त्या दिवशी कळले आणि ग्रंथालयात एकटाच बसून मीही हसलो.

मोल्सवर्थांनी जे काम केले ते नेमके हे होते. एका शब्दासमोर एक शब्द ठेवून ते थांबले नाहीत. हा शब्द कोठे चालतो, कोठे चालत नाही, तो कशाविषयी बोलतात, त्यावरून कोणते वाक्प्रचार आणि म्हणी झाल्या आहेत, तो गंभीरपणे बोलतात की थट्टेने, हे सारे ते सांगतात. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला, अरबीतून की हिंदुस्थानीतून, याच्या खुणा ते देतात. पोथीतला शब्द आणि बाजारातला शब्द यांना ते एकाच पंगतीला बसवितात. त्यासाठी त्यांना इंग्रजीही कसून वापरावी लागली. एका मराठी शब्दाची छटा पकडण्यासाठी ते कधी पाच-सहा इंग्रजी शब्द ओळीने मांडतात, आणि त्या शब्दांत आपसांत जो बारीक फरक आहे तो आपल्याला आपल्याच भाषेच्या आधाराने कळतो. मराठी माणसाने हा ग्रंथ वाचला तर तो इंग्रजीचा उत्तम शिक्षक ठरतो, हे कदाचित खुद्द कर्त्याच्याही मनात नसेल.

एक साधे उदाहरण घेऊ. इंग्रजीत 'ब्रेक' हा एक शब्द. आपण मात्र नारळ फोडतो, काठी मोडतो, दोरी तोडतो. येथे आपली भाषा अधिक बारीक आहे. उलट आपण 'पाहणे' म्हणून मोकळे होतो, तेव्हा इंग्रज 'सी', 'लुक', 'वॉच', 'गेझ', 'स्टेअर', 'ग्लान्स' असे वेगवेगळे दरवाजे उघडतो. 'ग्लान्स' म्हणजे ओझरते पाहणे, 'स्टेअर' म्हणजे टक लावून किंवा रोखून पाहणे, 'गेझ' म्हणजे भान हरपून पाहत राहणे. पाहा, मराठीला हे भेद ठाऊक आहेतच. फक्त ती ते क्रियाविशेषण जोडून दाखविते. ज्याला 'ओझरते' कळते त्याला 'ग्लान्स' पाठ करावा लागत नाही, तो फक्त ओळखावा लागतो.

कोश निघाल्यावर मोल्सवर्थ स्वस्थ बसले नाहीत. लगेच दुसरे काम त्यांनी हाती घेतले, ते इंग्रजी-मराठी कोशाचे. हे काम पहिल्याहून कठीण. मराठी शब्दाला इंग्रजी पर्याय देताना त्यांच्यामागे शेक्सपिअरपासूनची समृद्ध भाषा उभी होती. इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय द्यावयाचा तर नवी शास्त्रे, कायदे, यंत्रे, तत्त्वज्ञान यांच्यासाठी मराठीत रुळलेले शब्दच नव्हते. या श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८३६ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. काम अर्धवट राहिले.

ते पुढे नेले टॉमस कँडी यांनी. कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करीत आणि सरकारी भाषांतराचे कामही त्यांच्याकडे होते. त्यांनी इंग्रजी-मराठी कोश पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आजच्या मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेयही मुख्यतः कँडींनाच दिले जाते. शालेय पुस्तके तपासणे, कायद्यांची भाषांतरे करणे यांतच त्यांचे आयुष्य गेले. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरी त्यांचे निधन झाले. जॉर्ज कँडी पुढे धर्मोपदेशक झाले. कँडींच्या कोशामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला प्रथमच एक भक्कम शिडी मिळाली. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याला तेव्हा अजून दहा वर्षांचा अवकाश होता.

इकडे इंग्लंडात मोल्सवर्थांच्या आयुष्याला निराळे वळण लागले होते. ते अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. शस्त्र धरण्याचा पेशा त्यांच्या धर्मबुद्धीला पटेना, तेव्हा त्यांनी सैन्यातील पद सोडले आणि त्याबरोबर मिळणारे निवृत्तिवेतनही नाकारले. १८३१ च्या मुखपृष्ठावर असलेला 'कॅप्टन' हा शब्द १८५७ च्या मुखपृष्ठावर नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शब्द तोलून वापरले, त्याने स्वतःच्या नावामागचा एक शब्द असा काढून टाकला, ही गोष्ट मला त्यांच्या कोशाइतकीच मोठी वाटते.

पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपत आल्या, तेव्हा सरकारला पुन्हा मोल्सवर्थांची आठवण झाली. १८५१ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले. वय छपन्न. प्रकृतीला मानवावे म्हणून महाबळेश्वरी राहून त्यांनी आपलाच कोश पुन्हा पहिल्या पानापासून तपासावयास घेतला. आपण एकदा केलेले काम पुन्हा तपासणे किती कंटाळवाणे असते, हे प्रबंधिकेचा मसुदा दुसऱ्यांदा लिहिणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला विचारा! सहा वर्षांनी, १८५७ मध्ये, सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती मुंबईत छापून निघाली. शब्दांची संख्या सुमारे साठ हजार. आरंभी डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेच्या घटकांवर आणि विस्तारावर निबंध. ज्यांच्या नावाचे विल्सन महाविद्यालय मुंबईत आहे, तेच हे विल्सन.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १८५७ मध्येच लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळात अशी चर्चा सुरू झाली की, उपलब्ध इंग्रजी कोशांत सुटून गेलेले शब्द गोळा केले पाहिजेत. त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी कोश उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. संपादक जेम्स मरे तो पुरा झालेला पाहू शकले नाहीत, ते १९१५ मध्येच वारले. म्हणजे ज्या वर्षी इंग्रजीचे पंडित आपल्या भाषेतील सुटलेल्या शब्दांची काळजी करावयास बसले, त्या वर्षी मराठीचा साठ हजार शब्दांचा इंग्रजी कोश छापून तयार होता. इंग्रजीसारखी भाषासुद्धा आपले शब्द असे मुठीमुठीने वेचत मोठी झाली आहे, हे ध्यानी आले म्हणजे तिची अकारण भीती वाटत नाही.

१८६० मध्ये मोल्सवर्थ कायमचे मायदेशी परतले आणि १३ जुलै १८७१ रोजी क्लिफ्टन येथे त्यांचे निधन झाले. पण कोश येथेच राहिला. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली आणि शाळेतील मुलांच्या हाती तो पोहोचला. १९७५ मध्ये पुण्याहून मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले. आता तर शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर शोधता येईल असा करून ठेवला आहे. वसतिगृहातील मुले खिशातल्या फोनवर तो उघडतात. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी मराठीचा अभ्यासक या ग्रंथावरून वळसा घालून जाऊ शकत नाही.

एवढे सारे खरे असले, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा कोश मुळात सरकारने करवून घेतला तो राज्य चालविण्यासाठी. सांगणारे पंडित एका वर्गाचे, एका विद्येचे. म्हणून मी जेव्हा 'आंडोर', 'आंडेर', 'बठ्ठा' असे माझ्या आईच्या तोंडचे अहिराणी शब्द घेऊन बसलो, तेव्हा यादीतील निम्म्याहून अधिक शब्दांना मला त्यात घर सापडले नाही. साठ हजारांच्या गावात माझी आई बाहेर उभी! मला क्षणभर वाईट वाटले. पण लगेच मनात आले, की मोल्सवर्थांपुढे आपले शब्द घेऊन जाऊन बसले ते पंडित. आमच्या गावातून कोण गेले होते? आणि आज आपल्याला कोणी अडविले आहे?

खानदेशाला या कामाचा वारसा नाही असे नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली. इंग्रजी विद्या उत्तम आत्मसात करूनही त्यांनी आपले लेखन मराठीतच करण्याचा बाणा राखला, आणि मराठी धातूंचा नि शब्दांच्या व्युत्पत्तीचा संग्रह करण्यात ते अखेरपर्यंत मग्न होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचे कोशकार्य पुढे प्रसिद्ध केले. आणि जळगावची बहिणाबाई चौधरी? तिला तर अक्षरओळखही नव्हती. १९५१ मध्ये ती गेली आणि पुढल्या वर्षी तिची गाणी छापली गेली, तेव्हा महाराष्ट्राला कळले की शेतात राबणाऱ्या बाईजवळ केवढे शब्दभांडार असू शकते. एकाने शब्दांचे मूळ खणले, दुसरीने ते पिकविले. दोघेही आपल्याच मातीतले.

मी माझी ट्रंक पुन्हा उघडली, हे सांगावयास नकोच. पुस्तिका बाजूला ठेवली आणि मोल्सवर्थांसारखी एक वही घातली. तीन रकाने. पहिल्यात अहिराणी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. नियम एकच, जो शब्द आपण कोणाच्या तोंडून ऐकला नाही किंवा कोठल्या वाक्यात वाचला नाही, तो वहीत घ्यावयाचा नाही. आमच्या घरी कपाशी. सरकी म्हणजे 'कॉटनसीड', रुई म्हणजे 'लिंट', बोंड म्हणजे 'बोल' आणि फुलाआधी येणारे पाते म्हणजे 'स्क्वेअर'! शाळेत आम्हाला 'स्क्वेअर' म्हणजे फक्त चौरस शिकविले होते. माझा खोलीतला सोबती रावेरचा, त्याच्या घरी केळीच्या बागा. भाऊ, तुझ्याकडे काय म्हणतात, असे विचारीत आम्ही रात्री बसू लागलो. घड म्हणजे 'बंच', फणी म्हणजे 'हँड', एकेक केळे म्हणजे 'फिंगर', आणि बुंध्याशी फुटणारे मुनवे म्हणजे 'सकर'. आपण ज्याला फणी म्हणतो त्याला इंग्रजाने हात म्हटले, आणि केळ्यांना बोटे! ते वाचून रावेरचा भाऊ इतका खूश झाला की, त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात केळीच्या बागेवर पाच मिनिटे इंग्रजी बोलून दाखविले. त्यात एकही शब्द त्याने पाठ केलेला नव्हता.

दोन वर्षांत वहीत साडेचारशे नोंदी झाल्या आहेत. पूर्वीच्या सहाशेंपेक्षा कमी. पण या साडेचारशेंपैकी एकही मला ऐन वेळी दगा देत नाही. सुटीत गावी गेलो की संध्याकाळी ओट्यावर आजोबांजवळ वही घेऊन बसतो. मोट, नाडा, वखर, पाभर यांच्या भागांची नावे ते सांगतात. मोट आमच्या विहिरीवरून केव्हाच गेली. तिच्या भागांची नावे आता गावात तिघा-चौघांनाच येतात. आजोबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. मागल्या उन्हाळ्यात एका दोराचे नाव सांगता सांगता ते अडले. खूप वेळ आठवीत राहिले आणि शेवटी उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही त्यांना ते आठवले नाही. वहीत ती जागा मी मोकळी ठेवली आहे. त्या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द मला कोठेही सापडेल, पण आजोबांचा शब्द कोणत्या ग्रंथालयात मिळणार?

मोलेसरशास्त्र्यांपासून मी शिकलो ते हेच, की परक्या भाषेची श्रीमंती आपल्या भाषेचे घर मोडून येत नाही. वही घेऊन परक्यांच्या दारी बसलेल्या त्या तरुणाने आपले इंग्रजी अधिक धारदार केले ते मराठीच्या सहाणेवर. आपल्याला तर वही घेऊन परक्या दारी जाण्याचेही कारण नाही. आपली माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत.

वर्गात हसलेल्या मित्रांवर माझा राग नाही. उलट, ज्यांच्या गावी मोट होती आणि ज्यांचे आजी-आजोबा अजून बोलते आहेत, अशा मित्रांनी त्या दोराचे नाव विचारून मला कळवावे, एवढीच विनंती आहे. वहीत जागा मोकळी आहे.